कांद्याचा भाव, देशाची महागाई आणि अर्थमिती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतमालाच्या भावांवर अर्थमितीची मॉडेल लावायला शिकणारे विद्यार्थी, शेतकरी उत्पादक कंपन्यांतले लोक आणि अधूनमधून एखादा वैतागलेला कांदा उत्पादक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. बहुतेक उदाहरणं कांद्याची आहेत. एक तर महाराष्ट्रात त्याचे रोजचे आकडे मुबलक मिळतात. शिवाय अर्थमितीतली जवळपास प्रत्येक अडचण या एका पिकात सापडते.

अर्थमिती म्हणजे नेमकं काय? साध्या संख्याशास्त्रापेक्षा तिच्यात वेगळं काय?

भाव वाढला की लोक कांदा कमी घेतात, हे सांगायला शास्त्र लागत नाही. किती कमी घेतात, हे सांगायला मात्र लागतं. खताचा प्रयोग करताना कृषी विद्यापीठात निम्म्या वाफ्यांना खत घालता येतं आणि निम्मे तसेच ठेवता येतात. लासलगावात मंगळवारी आवक मुद्दाम दुप्पट करून ‘बघू या काय होतं’ असं करता येत नाही. आपल्या हाती येतात ते आकडे भाव बघूनच निर्णय घेणाऱ्या माणसांच्या व्यवहारातून तयार झालेले असतात. अशा आकड्यांतून कारण आणि परिणाम वेगळे काढण्याची धडपड म्हणजे अर्थमिती. नॉर्वेचे राग्नार फ्रिश आणि नेदरलँड्सचे यान टिनबर्गन यांनी तिचा पाया घातला. १९६९ मध्ये अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक या दोघांनाच मिळालं.

आवक आणि भाव दोन्ही रोज जाहीर होतात. भावावर आवकेचं रिग्रेशन लावलं, म्हणजे ठिपक्यांतून सर्वांत जुळणारी रेघ काढली, की झालं ना?

नाही. सर्वांत जास्त प्रबंध इथेच फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आवक वाढली की भाव पडतो, हे खरं. पण भाव चांगला आहे असं कळलं की शेतकरी चाळीतला (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधला) माल बाहेर काढतो, म्हणजे भावामुळे आवक वाढते, हेही तितकंच खरं. एकाच दिवशी दोन्ही गोष्टी घडत असतात. आकड्यांत मात्र एकच ठिपका दिसतो. हजार दिवसांचे ठिपके मांडून त्यांतून रेघ ओढली तर ती मागणीची आहे की पुरवठ्याची? दोन्हींची नसते. ती दोहोंची भेसळ असते. एप्रिल–मे मध्ये, जेव्हा साठवायला जागा नसलेला शेतकरी मिळेल त्या भावाला विकतो, तेव्हा ती रेघ मागणीच्या जवळ जाते. ऑगस्ट–सप्टेंबरमध्ये, चाळीतून निवडून माल येतो तेव्हा, ती पार भलतीकडे वळू शकते.

हा घोटाळा जुना आहे. अमेरिकेच्या हेन्री मूर यांनी १९१४ मध्ये कच्च्या लोखंडाचे आकडे तपासून मागणीची रेघ वर चढते असा निष्कर्ष काढला होता, म्हणजे भाव वाढला की मागणीही वाढते! त्यांच्या हाती लागली होती ती खरं तर तेजी-मंदीबरोबर सरकणाऱ्या मागणीतून उमटलेली रेघ. यातून सुटकेची वाट शेतमालाच्या बाजारानेच दाखवली. फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये जवसाच्या तेलाचा अभ्यास करताना असं मांडलं की, पुरवठा हलवणारी पण मागणीला न शिवणारी एखादी गोष्ट सापडली, तर तिच्या आधाराने मागणीची रेघ वेगळी काढता येते. हवामानामुळे एकरी उत्पादनात होणारा चढउतार ही तशी गोष्ट. आज आपण याला साधन-चलाची पद्धत म्हणतो.

मग कांद्यासाठी साधन-चल म्हणून फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट घ्यावी का? बरेच जण घेतात. पण गारपिटीत भिजलेला कांदा टिकत नाही, त्याची प्रत घसरते आणि प्रतीमुळेही भाव पडतो. म्हणजे गारपीट फक्त पुरवठ्यातूनच भावाला भिडते ही अट मोडली. प्रतवारीनुसार भाव मिळत असतील तरच हे साधन वापरा. दिवाळीत बाजार समित्या बंद असतात, ते दिवस वापरू का, असंही कुणी विचारतं. ते बंद सगळ्यांना आधीच माहीत असतात. व्यापारी त्याआधीच खरेदीचा वेग बदलतात, त्यामुळे तेही निर्दोष नाहीत. साधन शोधणं हे गणिताचं काम नाही, बाजार ओळखण्याचं आहे. लिलाव कसा होतो हे न बघता केवळ संगणकासमोर बसून हा विषय करणाऱ्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही.

आवक दहा टक्क्यांनी वाढली तर भाव निम्म्याहून खाली का येतो? व्यापाऱ्यांची साखळी असणार!

साखळी असू शकते. मात्र भाव कोसळला एवढ्यावरून ती सिद्ध होत नाही. साधं गणित करून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.

किरकोळ बाजारात कांदा ३० रुपये किलो आहे आणि त्यातले १० रुपये शेतकऱ्याला मिळतात असं धरू. (हे प्रमाण हवेतून घेतलेलं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासात कांद्यावर ग्राहकाने खर्च केलेल्या रुपयातला शेतकऱ्याचा वाटा सुमारे ३६ टक्के आढळला होता.) मधले २० रुपये म्हणजे वाहतूक, हमाली, तोलाई, बारदान, सड, दुकानदाराचा नफा. समजा मागणीची लवचिकता उणे ०.४ आहे, म्हणजे भाव एक टक्का वाढला तर खप ०.४ टक्के घटतो. आता बाजारात माल १० टक्के जास्त आला. तो खपायचा तर किरकोळ भाव सुमारे २५ टक्के उतरला पाहिजे, म्हणजे ३० वरून साडेबावीसवर. ट्रकचं भाडं आणि हमाली उतरत नाही. मग साडेसात रुपयांची सगळी घट शेतकऱ्याच्या १० रुपयांतून जाते. त्याच्या हातात उरतात अडीच रुपये.

म्हणजे १० टक्के जादा माल, गिऱ्हाईकाला २५ टक्के स्वस्त आणि शेतकऱ्याला ७५ टक्के तोटा. यात कुणी लबाडी केलेली नाही. लबाडी तपासायची असेल तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो : भाव चढताना मधला फरक जसा आहे तसा राहतो, आणि उतरताना तो वाढतो का? किरकोळ भाव चढताना झपाट्याने आणि उतरताना रेंगाळत येत असतील, तर ते असमान संक्रमण मोजणारी मॉडेल आहेत. त्यांचा निकालही काळजीपूर्वक वाचावा लागतो, कारण नाशवंत मालाच्या दुकानदाराला साठा संपण्याची धास्ती असते आणि तेवढ्यानेही असा असमानपणा येतो.

आणि ऑक्टोबरमध्ये तोच कांदा भडकतो, त्याचं गणित?

तेच, पण त्यात साठ्याची एक भिंत आहे. देशातलं साधारण ६५ ते ७० टक्के उत्पादन रब्बीचं. हा उन्हाळ कांदा मार्च ते मे मध्ये निघतो आणि खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, त्यावरच भागवायचं असतं. साठा भरपूर असतो तोवर एखाद्या महिन्यात कमी-जास्त झालं तर चाळी ते सांभाळून घेतात. चाळी रिकाम्या झाल्या की सांभाळणारं कुणी उरत नाही, कारण पुढच्या महिन्यातला कांदा उसना आणता येत नाही. साठा शून्याखाली जाऊ शकत नाही, एवढी एकच गोष्ट मॉडेलमध्ये घातली की भावाची आलेखरेषा आपोआप बाजारासारखी दिसू लागते : बराच काळ खाली पडून राहते आणि मध्येच एकदम उसळते. सरळ रेषेची मॉडेल ही उसळी कधीच पकडत नाहीत. कर्नाटकातला लवकरचा खरीप पावसाने गेला किंवा नाशिक-पुणे भागात परतीच्या पावसाने लाल कांदा सडला, तर ही उसळी आणखी उंच जाते.

शेतकरी गेल्या वर्षीचा भाव बघून लागवड करतो आणि फसतो, असं म्हणतात. ते मॉडेलमध्ये दिसतं का?

काही अंशी दिसतं. मार्क नर्लोव यांनी १९५० च्या दशकात अमेरिकी शेतीसाठी जे मॉडेल मांडलं ते अजून वापरात आहे. शेतकरी गेल्या हंगामाचा भाव जसाच्या तसा पुढे धरत नाही. आधीचा अंदाज जेवढा चुकला, त्यातला काही भागच तो दुरुस्त करतो. शिवाय ठरवलं तरी लागवड एका वर्षात हवी तेवढी बदलता येत नाही. पाणी, रोपं, मजूर, उसात अडकलेलं रान आडवं येतं. म्हणून तात्कालिक आणि दीर्घकालीन असे दोन वेगळे प्रतिसाद मोजायचे.

या मॉडेलचं भारतातलं महत्त्व निराळंच होतं. आपला शेतकरी परंपरेने बांधलेला, भावाला दाद न देणारा, अशी समजूत दिल्लीत आणि बाहेरही होती. राज कृष्ण यांनी १९६३ मध्ये अविभाजित पंजाबचे आकडे घेऊन ती खोडली. कापसासारख्या नगदी पिकात प्रतिसाद ठळक होता आणि गव्हात तुटपुंजा. घरच्या खाण्याचं पीक आणि विकायचं पीक यांत शेतकरी फरक करत होता, म्हणजे तो पूर्ण व्यवहारी होता.

‘सगळे एकाच वेळी फसतात’ हे चक्र मात्र अर्थशास्त्रज्ञ समजतात तितकं नियमित नाही. नियमित असतं तर दहा-पाच हुशार लोकांनी उलट्या वर्षी लागवड करून पैसा केला असता आणि चक्र मोडलं असतं. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात असं करणारे असतातही.

लासलगावचा भाव हलला की दिल्लीचा हलतो का? हे कसं तपासतात?

दोन बाजारांतला भावफरक वाहतूकखर्चाहून फार वाढला तर व्यापारी ट्रक भरतो आणि फरक पुन्हा आटोक्यात येतो. म्हणजे दोन्ही भाव वाटेल तिकडे भटकले, तरी एका दाव्याला बांधलेल्या गुरांसारखे फार लांब जात नाहीत. हे दावं आहे की नाही आणि किती लांब आहे हे तपासण्याची पद्धत म्हणजे को-इंटिग्रेशन. क्लाइव्ह ग्रेंजर आणि रॉबर्ट एंगल यांनी १९८७ मध्ये ती मांडली. या दोघांना २००३ मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी १९८६ मध्ये मार्टिन राव्हॅलियन यांनी बांगलादेशच्या तांदूळ बाजारांवर अशाच प्रश्नासाठी वेगळी चाचणी वापरली होती.

लासलगावचा भाव देशभर संदर्भ म्हणून पाहिला जातो. पण वर्षभर एकच बाजार पुढे आणि बाकीचे मागे, असं गृहीत धरू नका. नोव्हेंबरात राजस्थानातल्या अलवरचा कांदा दिल्लीत उतरतो तेव्हा किंवा बेंगळुरूकडे कर्नाटकातला माल असतो तेव्हा नाशिकचं वजन कमी होतं. हंगामानुसार मॉडेल वेगवेगळं लावून बघा. आणि ग्रेंजरच्या ‘कारणता’ चाचणीत एका भावाने दुसऱ्याचा अंदाज बांधता आला, तर त्याचा अर्थ तेवढाच घ्या. सकाळी आधी लिलाव होणारा बाजार नेहमीच ‘कारण’ ठरेल, कारण त्याची बातमी आधी येते.

माझ्या मॉडेलचा आर-वर्ग (मॉडेल आकड्यांशी किती जुळतं याचं ० ते १ मधलं माप) ०.९८ आला. मार्गदर्शक खूश आहेत. मी खूश व्हावं का?

नको. वर्षागणिक वाढणाऱ्या कुठल्याही दोन मालिका एकमेकींवर टाका, ०.९ च्या वर जाल. सोयाबीनचा भाव आणि पुण्यातली दुचाकींची संख्या घेतलीत तरी. ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्ये ही फसवणूक सविस्तर दाखवली. आधी मालिका स्थिर आहे का, म्हणजे तिची सरासरी आणि चढउतार काळाबरोबर सरकत नाहीत ना, ते तपासा, नसेल तर लागोपाठच्या आकड्यांतला फरक घ्या किंवा वरची दाव्याची चाचणी घ्या. उरलेल्या चुकांत एकमेकींशी नातं दिसतं का तेही बघा.

निर्यातबंदी मॉडेलमध्ये कशी घालायची? शून्य-एक चल पुरेसं आहे का?

हा या पानावरचा सर्वांत अवघड प्रश्न आहे, आणि सर्वांत जास्त पैसा गुंतलेलाही.

आधी घटनाक्रम बघा. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, मार्च २०२० मध्ये उठली. १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, १ जानेवारी २०२१ पासून मोकळीक. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलरचा किमान निर्यात दर, ८ डिसेंबर २०२३ ला थेट बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली पण ५५० डॉलरचा किमान दर आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान दर गेला आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. ते शून्य झालं १ एप्रिल २०२५ ला. साडेपाच वर्षांत बाजाराचे नियम इतक्या वेळा बदलले.

आता बंदीच्या काळात १ आणि एरवी ० असं चल घातलंत तर बरेचदा गमतीचं उत्तर येतं : बंदीमुळे भाव वाढतो! कारण उघड आहे. भाव भडकल्यावरच सरकार बंदी घालतं, त्यामुळे बंदीचे सुरुवातीचे दिवस चढ्या भावाचे असतात. ताप आणि औषध एकत्र दिसतात म्हणून औषधाने ताप आला असं ठरतं. सरकारचा निर्णय हा बाहेरून पडलेला दगड नाही, तो भावातूनच जन्मतो. त्यात निवडणुकांचं गणितही असतं. १९९८ मध्ये दिल्लीची विधानसभा निवडणूक कांद्याने गाजवली, तेव्हापासून कुठलंही सरकार ही भाजी हलक्यात घेत नाही.

यावर दोन उपाय बरे. पहिला, घोषणेच्या आगेमागे अगदी थोडे दिवस घेऊन भाव किती तुटला ते मोजणं. दुसरा, बंदी नसती तर भाव काय राहिला असता याचा अंदाज देणारी जोडीदार मालिका शोधणं. परदेशातला, म्हणजे आपला मोठा गिऱ्हाईक असलेल्या बांगलादेशातला भाव आणि लासलगावचा भाव यांतली दरी बंदीनंतर किती रुंदावली, हे बघता येतं. लसूण किंवा बटाटा जोडीदार म्हणून घेणारे आहेत, पण कांदा महागला की लोक बटाट्याकडे वळतात, त्यामुळे तो जोडीदार कोरा राहत नाही. डिसेंबर २०२३ बाबत आणखी एक पेच : त्याच सुमाराला लाल कांद्याची आवक वाढत असते. भाव बंदीने किती पडला आणि हंगामाने किती, हे वेगळं न करता जे आकडे सभांमधून सांगितले जातात, ते दोन्ही बाजूंचे फुगवलेले असतात.

याखाली आणखी खोल अडचण आहे. रॉबर्ट ल्यूकस यांनी १९७६ मध्ये दाखवलं की धोरण बदललं की लोकांची वागणूकही बदलते, म्हणून जुन्या धोरणाखाली मोजलेले गुणक (एक गोष्ट बदलली की दुसरी किती बदलते ते सांगणारे आकडे) नव्या धोरणाखाली टिकत नाहीत. ‘भाव वाढला की सरकार बंदी घालणार’ हे एकदा कळल्यावर शेतकरी चाळीत माल धरताना ते हिशेबात घेतो. बंदी नसलेल्या दिवसांतही बंदीची भीती भावात असते. ती भीती शून्य-एक चलात दिसत नाही. माझ्या मते गेल्या काही वर्षांतल्या कांदाधोरणाचं खरं नुकसान तिथे आहे आणि ते मोजणारी कामं फार थोडी आहेत.

एका भाजीचा देशाच्या अर्थव्यवस्थेच्या मॉडेलशी काय संबंध?

२०१२ हे आधारवर्ष असलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न आणि पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता. त्यात कांद्याचा ०.६४, बटाट्याचा ०.९८ आणि टोमॅटोचा ०.५७. ऐकायला क्षुल्लक. पण कांदा दुप्पट झाला तर एकट्याने महागाई दरात ढोबळमानाने ०.६ टक्का-बिंदूंची भर पडते. रिझर्व्ह बँकेचं उद्दिष्ट ४ टक्के आहे आणि सूट दोन्ही बाजूंना २ टक्के. तीन भाज्या एकदम उसळल्या तर ही सूट बरीचशी तिथेच संपते.

व्याजदर वाढवून कांदा पिकत नाही हे रिझर्व्ह बँकेलाही माहीत आहे. तिच्या त्रैमासिक मॉडेलमध्ये अन्न, इंधन आणि उरलेली महागाई यांची समीकरणं वेगळी असतात. प्रश्न असा असतो की भाज्यांचा धक्का लोकांच्या अपेक्षांत मुरतो का. घरात ‘सगळंच महाग होतंय’ असं वाटू लागलं की त्याचा परिणाम मजुरीच्या मागणीवर आणि हॉटेलच्या थाळीवर होतो. मुरत नसेल तर धक्का सोडून द्यायचा, मुरत असेल तर दर वाढवायचे. हा मुरण्याचा वेग मोजणं हे शुद्ध अर्थमितीचं काम आहे.

अख्ख्या देशाचं मॉडेल पहिल्यांदा कुणी केलं?

टिनबर्गन यांनी, १९३६ मध्ये, नेदरलँड्ससाठी. पुढे राष्ट्रसंघासाठी त्यांनी अमेरिकेचं मॉडेल केलं, त्याच कामाच्या पहिल्या खंडावर १९३९ मध्ये केन्स यांनी कडक टीका केली : कारणांची यादी पुरी आहे हे तुम्हाला कसं कळलं, आणि गुणक दहा वर्षं तसेच राहतात हे कशावरून? दोन्ही आक्षेप अजून जिवंत आहेत. लॉरेन्स क्लाइन यांनी हे काम पुढे नेलं आणि त्यांना १९८० चं नोबेल मिळालं. त्याच वर्षी क्रिस्टोफर सिम्स यांनी ‘तुमच्या समीकरणांतली बंधनं मनाने घातलेली आहेत’ असं म्हणत व्हेक्टर ऑटोरिग्रेशन (प्रत्येक मालिका स्वतःच्या आणि बाकीच्यांच्या मागच्या आकड्यांवरून मांडणारी पद्धत) पुढे आणलं. आपल्याकडे महालनोबिस यांचं दुसऱ्या पंचवार्षिक योजनेमागचं मॉडेल प्रसिद्ध आहे, पण ते नियोजनाचं मॉडेल होतं, आकड्यांतून नाती मोजणारं नव्हे.

सोयाबीनला हेच सगळं लागू पडतं का?

फारसं नाही. कांद्याचा भाव बराचसा देशात ठरतो, सोयाबीनचा शिकागोचा वायदेबाजार, ब्राझील आणि आयात शुल्क यांच्यात. शिवाय सोयाबीनमधून तेल जेमतेम १८-२० टक्के निघतं, बाकी पेंड. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के केलं, तेलाचे भाव चढले, तरी त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं जात होतं, कारण पेंडेला उठाव नव्हता. तेलाचं एकच समीकरण मांडून बसलेल्यांचा अंदाज चुकला. तेल, पेंड आणि बी अशी तीन समीकरणं एकत्र सोडवा.

वायदे बंद केल्याने भाव उतरतात का?

२००७ मध्ये तूर, उडीद, गहू, तांदूळ यांचे वायदे (पुढच्या तारखेच्या मालाचे आजच भाव ठरवून होणारे सौदे) थांबवल्यानंतर नेमलेल्या अभिजित सेन समितीला २००८ च्या अहवालात वायद्यांमुळे महागाई झाल्याचा ठाम पुरावा मिळाला नाही, आणि झाली नाही असंही ठामपणे म्हणता आलं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभरा, मोहरीसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि नंतर मुदतवाढ मिळत गेली. अभ्यासकांच्या दृष्टीने याचा एक तोटा नक्की झाला : बाजार पुढच्या तीन महिन्यांबद्दल काय समजतो, हे सांगणारा आकडाच गेला.

एआयच्या काळात ही जुनी मॉडेल कशाला?

उद्याचा भाव सांगायचा असेल तर यंत्रशिक्षण जरूर वापरा, चांगलं चालतं. पण आधी एक साधी कसोटी लावा : ‘उद्याचा भाव आजच्याइतकाच’ या अडाणी अंदाजापेक्षा ते किती बरं आहे? बऱ्याच झगमगीत निबंधांत ही तुलनाच नसते. आणि ‘शुल्क २० टक्क्यांवरून शून्य केलं तर काय होईल’ असा प्रश्न असेल तर शून्य शुल्काचे दिवस आकड्यांत पुरेसे हवेत, नाहीतर यंत्र शिकणार कशावरून? कारण शोधणाऱ्या कामाचे दोन चांगले नमुने आपल्याच देशातले आहेत. केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल मनोरे टप्प्याटप्प्याने उभे राहिले, त्याचा फायदा घेऊन रॉबर्ट जेन्सन यांनी २००७ मध्ये दाखवलं की फोन आल्यावर बंदराबंदरातल्या मासळीच्या भावातली तफावत कशी आटली. मध्य प्रदेशात आयटीसीच्या ई-चौपालचे संगणक गावोगाव येत गेले, त्यावरून अपराजिता गोयल यांनी २०१० मध्ये सोयाबीनच्या मंडीभावात एक ते तीन टक्क्यांची वाढ मोजली. दोघांच्याही यशाचं मर्म सोय टप्प्याटप्प्याने आली हे हेरण्यात होतं.

आकडे कुठून घ्यावे? विश्वास ठेवावा का?

ॲगमार्कनेट (केंद्र सरकारचं बाजारभावांचं संकेतस्थळ) आणि राज्य कृषी पणन मंडळाकडे किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव मिळतात. घेताना पुढच्या गोष्टी बघा. लाल आणि उन्हाळ एकाच मालिकेत मिसळले आहेत का? गोल्टी (बारीक कांदा) आणि खाद (खराब माल) किमान भावात धरली आहे का? एखाद्या दिवशी शून्य जास्त पडून आवक दसपट झाली आहे का? लिलाव बंद असलेले दिवस रिकामे आहेत की आदल्या दिवशीचा भाव चिकटवला आहे? एप्रिल-मे २०२० चे आकडे वेगळे काढा, टाळेबंदीत बाजार मधूनच चालू होते. दहा वर्षांची तुलना करताना भाव महागाई वजा करून घ्या.

उत्पादनाचे आकडे आणखी निसरडे. त्यांचे आगाऊ अंदाज टप्प्याटप्प्याने सुधारले जातात. शेवटचा सुधारित आकडा वापरून ‘माझं मॉडेल २०२३ ची तेजी आधीच सांगत होतं’ म्हणणं फसवं आहे, कारण तो आकडा तेव्हा कुणाच्याच हातात नव्हता. ज्या दिवशीचा अंदाज, त्या दिवशी उपलब्ध असलेलाच आकडा घ्यायचा. आणि जमलं तर एक फेरी प्रत्यक्ष बाजारात मारा. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांच्या पिढीने हाती घेतलेल्या पाहण्या आजही वाचनीय वाटतात त्या याच सवयीमुळे.

मी शेतकरी आहे. एवढंच सांगा, माल विकू की चाळीत ठेवू?

दादा, कुठलंही मॉडेल हे छातीठोकपणे सांगू शकत नाही. सांगणाऱ्याकडून पैसे मोजून सल्ला घेऊ नका. मात्र एक हिशेब तुम्हीच करू शकता. आज भाव १,२०० रुपये क्विंटल आहे आणि सप्टेंबरपर्यंत वजनघट आणि सड धरून ३० टक्के माल जाईल असं धरलं, तर केवळ बरोबरीत यायला सप्टेंबरचा भाव १,७१५ च्या आसपास हवा. वर चाळीचा खर्च, निवडाईची मजुरी आणि कर्जाचं व्याज. तुमच्या चाळीतली घट ३० ऐवजी २० टक्के असेल तर तोच आकडा १,५०० वर येतो. म्हणजे भावाच्या अंदाजापेक्षा स्वतःच्या चाळीतली घट मोजून ठेवणं जास्त कामाचं. सगळा माल एकाच दिवसाच्या भावावर टाकण्यापेक्षा हप्त्याहप्त्याने विकलात तर सरासरी भाव मिळतो. शिखर चुकतं, पण तळही चुकतो.

सुरुवात कशी करू? सॉफ्टवेअर कोणतं, आणि एम.ए.च्या प्रकल्पाला विषय सुचवाल का?

ग्रेटल किंवा आर, दोन्ही मोफत. विकतचं काही घेऊ नका. गणितात रिग्रेशनपर्यंत पाया पक्का हवा, बाकी वाटेत येतं.

विषय लहान घ्या. ‘भारतीय कांदा बाजाराचं अर्थमितीय विश्लेषण’ हा विषय नव्हे, तो ग्रंथमालेचा मथळा झाला. त्याऐवजी : पिंपळगाव बसवंत आणि लासलगाव इतके जवळ असून त्यांच्या भावात फरक केव्हा पडतो? चाकणचा भाव नाशिकच्या मागे किती दिवसांनी येतो? निर्यात शुल्क १ एप्रिल २०२५ ला शून्य झालं तेव्हा पंधरवड्यात भाव किती हलला? शेवटच्या प्रश्नात एक सापळा आहे. तो निर्णय लागू १ एप्रिलला झाला, पण जाहीर झाला होता २२ मार्चला. बाजार जाहीर झालेल्या दिवशी हलतो, लागू झालेल्या नव्हे. आणि कुणकूण लागली असेल तर त्याच्याही आधी. म्हणून प्रत्येक धोरणासाठी दोन्ही तारखा वेगळ्या रकान्यात लिहा आणि मॉडेल दोन्हींवर चालवून बघा.